सालई डिंक आणि गुडघ्याची झीज : लक्षणोपचारांच्या पुराव्याची तुलना

सांध्यातील कूर्चा झिजणे, तिच्याखालचे हाड दाट होणे, हाडाच्या कडेला कंगोरे वाढणे आणि सांध्याच्या अस्तराला अधूनमधून सूज येणे, असे चालणारा दीर्घकालीन विकार म्हणजे अस्थिसंधिशोथ. आयुर्वेदात त्याच्या जवळचे वर्णन ‘संधिगतवात’ या नावाने येते. नागपूर-वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात आणि या आजाराला सरळ ‘टोंगळे धरले’ असे म्हणतात. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अजून उपलब्ध नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेखेरीजचे जवळपास सगळे उपचार लक्षणांवरचे असतात. त्यांची तुलना करताना तीन प्रश्न विचारावे लागतात : आराम किती, तो किती दिवसांनी सुरू होतो, आणि उपचार थांबवल्यावर किती टिकतो. तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नागपुरात तो विचारला गेला, म्हणून या नोंदीचा मध्य नागपुरात आहे.

नागपूर-काटोल लोहमार्गावरील कळमेश्वर हा संत्र्याचा आणि कापसाचा तालुका आहे. निंदण उकिडवे बसून करावे लागते, चुलीपुढे आणि धुण्याच्या दगडापुढेही तसेच बसणे होते. दीर्घकाळ उकिडवे बसणे आणि गुडघेटेकी काम यांचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळला आहे. विकाराचे ग्रामीण प्रमाण महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट मोजले गेले ते पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन ४०९२ प्रौढांची पाहणी केली. अस्थिसंधिशोथाचे प्रमाण ५.८ टक्के, तर आमवाताभ संधिशोथाचे ०.५ टक्के आढळले. गावात दोन्हींना ‘वात’ हाच एक शब्द असतो, पण दुसऱ्याचे उपचार वेगळे आणि तातडीचे असतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर झिजेची शक्यता अधिक. तो तास-दोन तास राहत असेल आणि हाताची बोटे सुजत असतील, तर पुढची तुलना त्या रुग्णासाठी नाही.

सालई हा विदर्भाच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवरचा पानझडी वृक्ष. त्याची साल कागदासारखी सुटते आणि खोडाला खाच दिली की सुगंधी डिंक पाझरतो. हा डिंक धूप म्हणून जळतो. आयुर्वेदात तोच शल्लकीचा निर्यास. त्यातील बॉसवेलिक आम्ले दाह वाढवणाऱ्या ल्युकोट्रिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांचा मार्ग निराळा आहे. ती प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये अडवतात आणि त्याबरोबर जठराच्या अस्तराचे संरक्षणही कमी करतात.

या डिंकाच्या अर्काची कसोटी नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या ‘मेयो’त, घेतली गेली. किम्मतकर, ठवानी आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघ्याची झीज असलेले ३० रुग्ण निवडले. पंधरा जणांना आठ आठवडे अर्क, पंधरा जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. मग काही काळ मोकळा ठेवून गटांची अदलाबदल केली. कोणाला काय मिळते हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला माहीत नव्हते. अर्क घेताना वेदना कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले, सूज येण्याचे प्रमाण घटले. पोटाच्या किरकोळ तक्रारी सोडल्या तर त्रास झाला नाही. क्ष-किरण चित्रात मात्र काहीही फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले. ‘झीज भरून काढतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर हे वाक्य छापायला हवे.

दुसरी चाचणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, म्हणजे ‘मेडिकल’ची. सोनटक्के, ठवानी आणि सहकाऱ्यांनी ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली. ६६ रुग्णांपैकी काहींना सालईचा अर्क ३३३ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तर काहींना व्हाल्डेकॉक्सिब हे वेदनाशामक १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, असे सहा महिने दिले. औषध बंद केल्यावर आणखी एक महिना तपासणी चालू ठेवली. व्हाल्डेकॉक्सिबने महिन्याभरात आराम दिला, पण गोळी थांबताच तो संपला. सालईला दोन महिने लागले, पण तिचा परिणाम औषध थांबल्यावर महिन्यानंतरही टिकून होता.

माझ्या मते अस्थिसंधिशोथाच्या उपचारांबाबत नागपूरने दिलेली ही सर्वांत मोलाची माहिती आहे. तिच्या मर्यादाही तितक्याच स्वच्छ सांगायला हव्यात. दुसरी चाचणी खुली होती. आपण काय घेतो हे रुग्णाला ठाऊक असले की वेदनेच्या उत्तरावर त्याचा रंग चढतो. संख्या दोन्हीकडे लहान. शिवाय दुसऱ्या चाचणीने पहिलीवर एक प्रश्न उभा केला : अर्काचा परिणाम महिनाभर रेंगाळत असेल, तर आधी अर्क आणि मग प्लासिबो घेतलेल्यांचा प्लासिबोचा काळ कोरा राहिला असेल का? नसेल, तर पहिल्या चाचणीत अर्काचे श्रेय थोडे कमीच मोजले गेले. नंतर २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेत सालईच्या समृद्ध अर्काने ९० दिवसांत वेदना शंभरपैकी सुमारे १७ गुणांनी घटल्याचे आढळले. आधार मात्र मोजक्याच, लहान चाचण्यांचा होता.

तुलनेतील व्हाल्डेकॉक्सिबचे पुढे काय झाले हेही पाहावे. हृदयविकाराचा धोका आणि त्वचेच्या गंभीर प्रतिक्रिया यांमुळे एप्रिल २००५ मध्येच अमेरिकेत ते विक्रीतून काढून घेण्यात आले होते. लवकर आराम देणारे औषध सुरक्षित असेलच असे नाही.

पुण्यातून याच चोप्रांच्या पुढाकाराने अधिक मोठी चाचणी झाली. केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या कार्यक्रमाखाली झालेल्या या बहुकेंद्री अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ४४० रुग्ण, २४ आठवडे, चार गट : गुळवेल, सुंठ, आवळा, शल्लकी यांवर आधारित दोन आयुर्वेदिक योग, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक. वेदना आणि हालचाल या मापांवर आयुर्वेदिक योग बाकीच्यांच्या बरोबरीचे ठरले. मात्र आयुर्वेदिक गटांतील काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे विकर वाढले, पुढे ते पूर्ववत झाले. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथे मोडतो. आणखी एक अडचण आहे. प्लासिबोचा गट नव्हता. सगळे सारखे उतरले याचा अर्थ सगळे गुणकारी, असा लगेच निघत नाही.

तो का निघत नाही हे अमेरिकेतील २००६ च्या ग्लुकोसामाइन चाचणीवरून कळते. १५८३ रुग्णांपैकी प्लासिबो घेणाऱ्या ६०.१ टक्के लोकांना २४ आठवड्यांत ठरलेल्या मापाएवढा आराम पडला. ग्लुकोसामाइनने ६४, सेलेकॉक्सिबने ७०.१ टक्क्यांना. या विकाराची वेदना आपोआप चढते-उतरते आणि माणूस औषधाला जातो तो वेदना टिपेला असताना. पुढचा उतार कोणत्याही पुडीच्या नावावर जमा होतो. शेजारणीला गुण आला, हे खरे असते. कशाने आला, हे त्यावरून ठरत नाही.

बाकीच्या उपचारांचा आढावा थोडक्यात. पॅरासिटामॉलचा उपयोग प्लासिबोहून नाममात्रच अधिक. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना ते नेहमीसाठी देऊ नये असे सांगतात. तोंडी वेदनाशामकांत डायक्लोफेनॅक सर्वांत प्रभावी गटात, पण जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांना जाच करणारे. उच्च रक्तदाबाच्या साठीपुढील माणसाने ते मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणून रोज घेणे धोक्याचे आहे. तेच डायक्लोफेनॅक मलमातून लावल्यास रक्तात फार थोडे उतरते. सुमारे दहांपैकी सहा जणांना चांगला आराम पडतो, औषध नसलेल्या मलमाने पाचांना. फरक लहान आहे, पण जोखीमही लहान, म्हणून औषधांत पहिली पायरी हीच धरतात. निरगुडीच्या पाल्याचा शेक आणि मोहाच्या टोळीच्या तेलाची मालिश यांनी घटकाभर बरे वाटते आणि खर्च नसतो. तुलनात्मक पुराव्याच्या तक्त्यात त्यांना मात्र जागा मिळालेली नाही.

‘वंगण संपले, इंजेक्शनने भरू’ हे वाक्य खर्चात पाडते. हायलुरोनिक आम्लाच्या इंजेक्शनांच्या १६९ चाचण्यांचा आढावा २०२२ मध्ये आला आणि मिळणारा फरक रुग्णाला जाणवण्याइतका नसल्याचे दिसले. रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रवाची इंजेक्शने ऑस्ट्रेलियातील २०२१ च्या २८८ रुग्णांच्या चाचणीत मिठाच्या पाण्याहून सरस ठरली नाहीत. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे खरोखर आराम देते. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे दिले तर वेदनेत फरक न पडता कूर्चा अधिक झिजते, असे २०१७ मध्ये दिसले.

व्यायामाचा पुरावा सर्वांत विपुल आहे. परिणाम मध्यम, आणि व्यायाम सोडला की ओसरणारा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १५६ रुग्णांना फिजिओथेरपी किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. वर्षअखेर २४० पैकी त्रासाचे गुण इंजेक्शनवाल्यांचे ५५.८, फिजिओथेरपीवाल्यांचे ३७. वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पण कळमेश्वरच्या शेतमजूर बाईला ‘व्यायाम करा’ एवढेच सांगून भागत नाही. ती दिवसभर राबतेच. तिला हवा असतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देणारा नेमका व्यायाम : खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, पाच मोजेपर्यंत धरणे, हळू खाली आणणे. आणि निंदणीसाठी लांब दांड्याचे अवजार, घरात कमोडची खुर्ची, चुलीऐवजी ओटा. यांवर खर्च झालेला रुपया इंजेक्शनवरच्या रुपयापेक्षा अधिक काम करतो.

शेवटी पुड्यांबद्दल. वातावर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडण्याचे प्रकार देशात वारंवार घडले आहेत. एका दिवसात टोंगळे मोकळे झाले, चेहरा सुजू लागला, भूक आणि साखर वाढली, तर संशय घ्यावा. अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असाल तर ती एकदम बंद करू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो. उरलेली पुडी सोबत घ्या आणि मेयोला किंवा मेडिकलला जाऊन डॉक्टरांना दाखवा.