झाकणांचा झगा

तंबाखूच्या डबीचं पत्र्याचं झाकण घ्यायचं, गुंडाळून त्याचा निमुळता शंकू करायचा आणि असे शेकडो शंकू झग्यावर ओळींनी शिवायचे. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांभोवती राहणाऱ्या ओजिब्वे लोकांचा ‘जिंगल ड्रेस’ तयार झाला तो असा. घुंगरात निदान एक गोळी तरी असते, या शंकूच्या पोटात काहीच नसतं. शेजारचा शंकू येऊन आपटला की तो वाजतो.

आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत, ती इन्फ्लुएंझाची साथ 1918च्या जूनमध्ये मुंबईत पोचली. त्याच साथीने ओजिब्वे वस्त्याही गाठल्या. तिथली कथा सांगते की एक मुलगी अंथरुणाला खिळली होती. तिच्या बापाला, कोणी म्हणतं आजोबाला, स्वप्नात एक पोशाख दिसला आणि एक नाच दिसला. त्याने झगा शिवून घेतला, मुलीला घातला आणि एक पाय कायम जमिनीलगत राहील अशी पावलं टाकायला सांगितलं. मुलगी आधी कशीबशी हलली, मग नाचली आणि बरी झाली. पुढे तिने हा नाच इतर मुलींना शिकवला.

हे घडलं कुठे, यावर एकमत नाही. मिनेसोटातले मिल लॅक्सचे लोक म्हणतात आमच्याकडे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधले व्हाइटफिश बेचे लोक तर मुलीचं नावही सांगतात, मॅगी व्हाइट. हा वाद मिटवायची मला गरज वाटत नाही. साथ घराघरात होती, तेव्हा लेकीच्या उशाशी बसलेले बापही अनेक असणार. काळाबद्दल मात्र पुरावा आहे. ओजिब्वे इतिहासकार ब्रेंडा चाइल्ड यांनी जुनी छायाचित्रं धुंडाळली, तेव्हा हा झगा त्यांना साधारण 1920पासून पुढेच दिसू लागला.

म्हणजे हा नाच जेमतेम शंभर वर्षांचा. मग त्याला पूर्वजांचा कसा म्हणायचं? त्याचं कूळ झग्याहून जुनं आहे. युरोपीय व्यापाऱ्यांकडून तांब्या-पितळेची भांडी येऊ लागली, तेव्हापासून सरोवरांकाठचे लोक जुनी भांडी कापून छोटे शंकू करत आणि कपड्यांच्या झालरींना लावत. स्वप्नात मिळालेला विधी जमातीने स्वीकारायचा, हीही जुनी वहिवाट. 1870च्या दशकात अमेरिकी सैनिकांपासून लपलेल्या डकोटा जमातीच्या एका बाईला दृष्टान्त झाला आणि त्यातून मोठ्या ढोलाचा विधी निघाला, असं सांगतात. डकोटा आणि ओजिब्वे हे पिढीजात वैरी, तरी तो ढोल डकोटांनी ओजिब्वेंना दिला. त्यामुळे आजारी मुलीच्या बापाला दिसलेलं स्वप्न लोकांना चमत्कारिक वाटलं नसावं. जुन्या पठडीतच ते बसत होतं, नवा होता तो डबीचा पत्रा.

काळ मात्र वाईट होता. अमेरिकी सरकारने 1883च्या नियमांनी आदिवासींचे कित्येक नाच गुन्ह्यांत जमा केले होते. 1921मध्ये आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या ‘इंडियन’ खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी 1665 क्रमांकाचं परिपत्रक काढून नाचांवरचा पाश आणखी आवळला. नेमक्या त्याच वर्षांत ओजिब्वे बायका हा नवा नाच गावोगाव नेत होत्या. साहेबाचा कागद आणि बायकांचे पाय एकाच सुमारास निघाले, आणि कागद मागे पडला.

नंतर काही दशकं नाच मंदावला. 1980च्या दशकात ‘पॉववॉव’ म्हणजे आदिवासींच्या नाचगाण्याच्या मेळाव्यांतून तो पुन्हा उसळला आणि इतर जमातींतही पसरला. आता स्पर्धा होतात, बक्षिसं असतात. जुन्या धाटणीत पावलं साधी असतात, मागे जायचं नाही, पुरती गिरकी घ्यायची नाही. ढोलाचे मानाचे, जोरकस ठोके पडले की हात वर करायचा. नव्या धाटणीत हातात पिसांचा पंखा आला, पायांत चपळाई आली. मला जुनी धाटणी अधिक भावते, पण झाकणांपासून सुरू झालेल्या परंपरेत नव्याला नाक मुरडणं शोभत नाही. झग्यावर वर्षाच्या दिवसांइतके, म्हणजे 365 शंकू हवेत असंही पुष्कळ जण सांगतात. प्रत्यक्षात आकडा अंगकाठीवर आणि ऐपतीवर ठरतो. शंकूही आता तयार विकत मिळतात.

2020मध्ये पुन्हा साथ आली, कोविडची. मेळावे बंद पडले, तेव्हा बायका अंगणात आणि घरात झगे घालून नाचल्या आणि त्याच्या चित्रफिती एकमेकींना पाठवू लागल्या. युजीन टपाहे या नाव्हाहो जमातीच्या छायाचित्रकाराने आपल्या दोन मुली आणि त्यांच्या दोन मैत्रिणींना झग्यांत घेऊन मोकळ्या निसर्गात त्यांची छायाचित्रं काढली. या कामाची सुरुवातही स्वप्नातूनच झाली, असं ते सांगतात. नाव्हाहोंचा हा मूळ नाच नव्हे, पण ओजिब्वेंकडचा ढोलही आधी डकोटांचा होता.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी वाचकांनी जवळपासच्या पॉववॉवला अवश्य जावं. बहुतेक मेळावे सगळ्यांना खुले असतात. फोटो काढण्याआधी विचारा, झग्याला हात लावू नका आणि आजाऱ्यासाठी नाच होणार असल्याचं सूत्रसंचालकाने सांगितलं, तर फोन खिशात ठेवून उभे राहा.