स्वभक्षण, यीस्ट कोशिकांतील

कोशिकेने आपल्याच जीवद्रव्याचा काही भाग पटलाच्या पिशवीत बंद करून त्याचे विघटन करण्याची आणि त्यातून सुटलेली ॲमिनो अम्ले पुन्हा वापरण्याची प्रक्रिया. ही प्रक्रिया केव्हा सुरू व्हावी व केव्हा थांबावी हे ठराविक प्रथिने ठरवितात. त्यांची ओळख प्राण्यांच्या कोशिकांत नव्हे, तर यीस्टमध्ये प्रथम पटली.

‘ऑटोफॅजी’ ही संज्ञा बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्त्यां द द्यूव यांनी १९६३ मध्ये रूढ केली. त्याच्या आदल्या वर्षी ॲशफर्ड व पोर्टर यांना ग्लुकागॉन टोचलेल्या उंदरांच्या यकृतकोशिकांत अर्धवट पचलेल्या कलकणूंच्या पिशव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या. पुढील सु. तीस वर्षे या विषयाचे ज्ञान मुख्यतः वर्णनात्मकच राहिले. पिशव्या दिसत; परंतु त्या घडविणारे एकही प्रथिन ठाऊक नव्हते.

ही कोंडी सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी या यीस्टने फोडली. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवनींत मळी आंबविणारे यीस्ट हेच. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने १९७५ नंतर ज्या हातभट्ट्या बंद झाल्या, त्यांसारख्या भट्ट्यांचे रसायनही यीस्टांच्याच क्रियेने आंबते. आसवनीत यीस्टला नायट्रोजन कमी पडू नये म्हणून मळीच्या द्रावणात युरिया किंवा अमोनियम संयुगे मिसळतात. टोकिओ विद्यापीठातील योशिनोरी ओसुमी (जन्म १९४५) यांनी नेमके याच्या उलट केले.

ओसुमी यांनी १९८८ मध्ये स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू केली. यीस्टच्या रिक्तिकेत प्रथिने पचविणारी एंझाइमे असतात. ती निकामी झालेले उत्परिवर्ती यीस्ट घेऊन त्यांनी त्याला नायट्रोजनरहित माध्यमात ठेवले. पचन थांबले असले, तरी आत येणारा माल येतच राहील आणि साचेल, असा त्यांचा तर्क होता. अर्ध्या तासातच रिक्तिकेत हालणारे गोल पिंड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. हे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. युक्ती अगदी साधी होती, पण विषयाचा पुढील सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. कारण ज्या यीस्टमध्ये हे पिंड साचत नाहीत त्याच्यात स्वभक्षणाचा एखादा जीन बिघडला आहे, असे आता म्हणता येऊ लागले. अशा पहिल्या उत्परिवर्ती प्रकाराचा नायट्रोजनाच्या उपासमारीत लवकर मृत्यू होतो, असे आढळले. हीच खूण धरून मिकी त्सुकादा व ओसुमी यांनी १९९३ मध्ये १५ जीनांचा शोध जाहीर केला. जर्मनीत मिखाएल थुम व अमेरिकेत डॅन्येल क्लिऑन्स्की यांना वेगळ्या वाटांनी त्यांपैकी बरेच जीन सापडले. प्रत्येक गटाची नावे वेगळी असल्याने माजलेला गोंधळ २००३ मध्ये ‘एटीजी’ ही समान नामावली स्वीकारल्यावर संपला.

नियंत्रणाची किल्ली मात्र एका औषधाने मिळाली. ईस्टर बेटावरील मातीतल्या जंतूपासून मिळालेल्या रॅपामायसीनाची माहिती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. हे काम करणाऱ्यांत भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल हे प्रमुख होते. १९९१ मध्ये बाझेल येथे हाइटमन, मोव्वा व हॉल यांनी यीस्टमध्ये या औषधाचे लक्ष्य असलेली ‘टॉर’ प्रथिने शोधली. अन्न भरपूर असतानाही रॅपामायसीन दिल्यास यीस्ट स्वतःला खाऊ लागते, असे नोदा व ओसुमी यांनी १९९८ मध्ये दाखविले. म्हणजे टॉर हे प्रथिन स्वभक्षणाला आवर घालणारे ठरले. अन्न असताना टॉरच्या क्रियेमुळे एटीजी १३ या प्रथिनावर फॉस्फेट गट भरपूर जडलेले असतात. उपासमारीत ते गळतात व एटीजी १३ हे एटीजी १७ आणि एटीजी १ यांच्याशी मिळून कार्यकारी संकुल बनविते. यांपैकी एटीजी १ हे स्वतःच फॉस्फेट जोडणारे एंझाइम आहे. एटीजी १ व एटीजी १३ अन्न असतानाही एकत्र असतात की नाही, यावर २०१२ नंतर मतभेद झाले. टॉरच्या नियंत्रक भूमिकेला मात्र त्यामुळे बाध आला नाही.

पटल वाढविण्याचे काम दुसऱ्या गटाकडे असते. एटीजी १२ हे एटीजी ५ ला जोडले जाते (१९९८), तर एटीजी ८ थेट फॉस्फॅटिडिल-एथेनॉलअमाइन या वसेला चिकटते (२०००). प्रथिनाने वसेला अशा रीतीने जोडले जाणे पूर्वी माहीत नव्हते. एटीजी २ शेजारच्या पटलांतून वसा वाहून आणते, हे २०१९ च्या सुमारास स्पष्ट झाले.

यांतील बहुतेक प्रथिनांचे प्रतिरूप मनुष्यातही आहे. यीस्टमधील एटीजी ६ शी जुळणारे बेक्लिन १ हे प्रथिन अर्बुदांच्या वाढीला विरोध करते, असे बेथ लेव्हिन यांनी १९९९ मध्ये दाखविले. एटीजी ५ नसलेली उंदरांची पिले वरवर निरोगी जन्मतात, पण बहुतेक दिवसभरातच मरतात (२००४). नाळ तुटल्यावर व दूध मिळण्यापूर्वीच्या उपासात त्यांना स्वतःच्या प्रथिनांचा आधार घेता येत नाही. या संशोधनाबद्दल ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्याला मिळाले. महाराष्ट्रात पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेत फळमाशीतील स्वभक्षणाचा अभ्यास झाला असून तेथीलच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहात औद्योगिक यीस्टांचे वाण जतन केले जातात.