तुलनात्मक अध्ययनाची पात्रता

विविध संस्कृतींच्या तुलनात्मक अध्ययनासाठी आज विद्यापीठे प्रमाणपत्र देतात. जैन समाजात मात्र या परंपरेचा पाया प्रमाणपत्राविना घातला गेला. १८९३ मध्ये शिकागो येथील सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी (आत्मारामजी) महाराजांना आले. साधुधर्माच्या मर्यादेमुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता. म्हणून मुंबई विद्यापीठाचे पदवीधर वीरचंद राघवजी गांधी यांची निवड झाली. आचार्यश्रींच्या सान्निध्यात प्रथम स्वधर्माचे सखोल अध्ययन, तदनंतर परधर्मीयांशी संवाद, असा त्यांचा क्रम होता.

पुढे घाटकोपरलगत विद्याविहार येथील सोमैया संकुलात जैनविद्येचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले, तर कलिना येथे मुंबई विद्यापीठाच्या संस्कृत विभागाने तुलनात्मक पुराणकथाशास्त्राचा अभ्यासक्रम चालविला. अशा अध्ययनाला जन्माची वा पंथाची अट नसते. भाषेची मात्र असते. श्वेतांबर आगम अर्धमागधी प्राकृतात आहेत. ती भाषा न जाणता केलेली तुलना परक्याच्या अनुवादावर विसंबून राहते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीसह प्राकृतासही अभिजात दर्जा दिला. हा सन्मान सार्थ करावयाचा, तर पाठशाळेत मुखोद्गत होणाऱ्या सूत्रांचा अर्थही नव्या पिढीस उमगला पाहिजे.