स्प्रिंगला आवरणारी नळी

जव्हार-मोखाडा रस्त्यावर जीपच्या मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला न्यूटनचे नियम वेगळे शिकवावे लागत नाहीत. पुढे ड्रायव्हरशेजारी बसणारा बराच सुखी असतो. मागची आडवी बाकडी मात्र मागच्या चाकांच्या थेट वर आणि थोडी मागेही येतात; खड्ड्याचा सगळा हिशेब तिथे चुकता होतो.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका कार्यशाळेहून परतताना पावसाळ्याच्या शेवटी मी अशाच बाकावर होतो. मोखाड्याच्या अलीकडे एक गरोदर बाई डोलीतून रस्त्यापर्यंत आणलेली होती. तिला जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात न्यायचे होते. आम्ही सरकून तिला आडवे केले. प्रत्येक खड्ड्यानंतर जीप एकदा नव्हे, चार-पाच वेळा वरखाली होई, आणि तिची सासू दर वेळी म्हणे, "हळू घे रे दादा!" दादा हळूच घेत होता. जव्हारला उतरल्यावर मी वाकून पाहिले तर मागचे दोन्ही शॉकॲब गायब! ड्रायव्हर म्हणाला, "सर, गळत होते म्हणून काढून टाकले. पाटे चांगले आहेत ना!"

त्याच्या या उत्तरात शंभरेक वर्षांचा इतिहास दडला आहे, कारण मोटारी बनवणाऱ्यांचेही सुरुवातीला नेमके हेच मत होते.

पोलादी पाट्यांची कमान इंग्लंडमध्ये ओबदाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी पेटंट केली. एकावर एक ठेवलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात हेलकाव्यांची ऊर्जा थोडीफार खर्च होते. घोड्याच्या वेगाला एवढे पुरत असे. आपल्या बैलगाडीला तर कमानीही नव्हत्या. तिचा वेगच असा की त्यांच्यावाचून फारसे अडले नाही. पुढे १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत एमिल लेव्हासोर ११७८ किलोमीटर अंतर ताशी सरासरी २४ किलोमीटर वेगाने धावला, आणि त्याच शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवा भरलेले टायर वापरून पाहिले. हवेचा टायर म्हणजे आणखी एक स्प्रिंगच. गाड्या मऊ झाल्या, वेगवान झाल्या, आणि उसळू लागल्या.

स्प्रिंग धक्का सहन करते ती ऊर्जा साठवून, आणि साठवलेले परत देणे हा तिचा धर्मच आहे. ती ऊर्जा कुठेतरी उष्णतेच्या रूपात घालवून टाकली, तरच हेलकावे थांबतील. यालाच आपण अकरावी-बारावीत अवमंदन म्हणतो. फ्रान्समध्ये त्रुफो याने १९०० च्या सुमारास कात्रीसारख्या दोन बाहूंमध्ये घर्षणाच्या चकत्या बसवून हे साधले आणि अमेरिकेत हार्टफर्ड याने ती युक्ती मोटारींवर आणली. पण घर्षणाचा स्वभाव इथे उलटा पडतो. चकत्या थोड्याशा धक्क्याला जागच्या हलतच नाहीत, मोठ्या धक्क्याला मात्र तेवढाच विरोध करतात. आपल्याला हवे ते याच्या विरुद्ध: सावकाश हालचालीला थोडा विरोध आणि जलद हालचालीला जास्त.

हा गुण तेलात सापडला. इंजेक्शनची एक रिकामी, सुई नसलेली पिचकारी घ्या, पाणी भरा आणि दट्ट्या हळू दाबा. मग जोरात दाबून पाहा. बोटाला जो फरक जाणवतो तोच मोरिस हुदाय या फ्रेंच संशोधकाने १९०८ च्या सुमारास वापरला. त्याचा शोषक पेटीसारखा होता, त्यातले पाते तेलात फिरे आणि तेल बारीक वाटेने निसटे. फोर्डच्या १९२८ सालच्या मॉडेल ए गाडीला ते कारखान्यातूनच बसवून येत. त्यानंतर आली आजची परिचित नळी: नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला छिद्रे आणि झडपा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला चारही चाकांवर कमानपाटे आणि असे नळीचे शोषक होते. हीच जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत जोडायला घेतली, आणि १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडियाचा शोषकांचा कारखाना मुलुंडला निघाला. पूर्वीचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेले होते. तिथल्या डोंगरवाटांना पुढे जी गाडी मानवली, ती याच जीपची वंशज.

'धक्काशोषक' हा शब्द फसवा आहे. धक्का शोषते ती कमान. नळी कमानीला आवरते. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे टायर जमिनीला टेकलेला ठेवणे. उसळून हवेत गेलेले चाक ना वळते ना ब्रेक घेते, आणि जव्हारच्या घाटात वळणावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. म्हणून झडपा अशा असतात की नळी दबताना विरोध कमी आणि ताणली जाताना साधारण दुप्पट-तिप्पट.

कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात, त्या सर्वांनी पाहिल्या असतील. त्या खराब शोषकांमुळे उठतात असा एक समज आहे. ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएलवेन यांनी २००७ मध्ये वाळूच्या फिरत्या थाळीवर साधे चाक चालवून दाखवले, की ठरावीक वेगाच्या वर गेल्यास स्प्रिंग नसलेले चाकही अशा लाटा उठवते. लाटा पाऊण मीटर अंतरावर असतील आणि जीप ताशी ३० किलोमीटरने जात असेल, तर चाकाला सेकंदाला सुमारे ११ ठोके बसतात. चाक आणि आस यांची स्वतःची वारंवारताही याच्याच आसपास असते. अनुनाद शिकवायला याहून जवळचे उदाहरण नाही.

आता निवडीचा प्रश्न. सवारी वाढली की ड्रायव्हर मंडळी पाटे वाढवतात. वजन तेच ठेवून कमानींचा ताठपणा दुप्पट केला, तर पूर्वीइतके अवमंदन राखायला शोषक १.४ पट जोरकस हवा. वजनही दुप्पट झाले तर तो दुप्पट हवा. शोषक मात्र जुनेच राहतात. शिवाय पाटे वाढल्याने गाडी उंच होते आणि आखूड नळी आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेली असते. चाक खड्ड्यात उतरले की नळीच चाकाला लोंबकळत धरते आणि आतले भाग किंवा बुश तुटतात. गाडी खाली दबलेली असेल तर उलटे होते, दट्ट्या तळाशी आपटतो. म्हणून बाजारातला शोषक घेताना रंग आणि जाडी पाहण्यापूर्वी दोन लांब्या मोजाव्यात: पूर्ण दबलेली आणि पूर्ण ताणलेली. 'कडक घ्या, टिकतो' हा दुकानातला सल्ला अर्धाच खरा आहे. फार कडक नळी रिकाम्या गाडीत धक्का सरळ चासीपर्यंत पोचवते, आणि लागोपाठच्या खड्ड्यांत कमानीला परत उघडायला वेळच देत नाही.

घालवलेली ऊर्जा तेलात उष्णता म्हणून उरते. तेल तापते, पातळ होते, हवेशी मिसळून फेसाळते, आणि नळी ऐन खराब रस्त्यावर ढिली पडते. फ्रान्समधल्या द कार्बों याने १९५० च्या दशकात दाबाखालचा नायट्रोजन भरून हा फेस आवरला. साध्या दुहेरी नळीच्या शोषकाला आडवे पडून राहणे मानवत नाही. आत हवा शिरते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावा आणि दाबावा. बदलताना एका आसाची जोडी बदलावी. गळणाऱ्या नळीला भोक पाडून इंजिनाचे तेल भरण्याचे प्रयोग कुठे कुठे चालतात. त्या दाट तेलासाठी आतल्या झडपा बनवलेल्याच नसतात.

त्या ड्रायव्हरला मी एवढे सगळे सांगितले नाही. औषधाच्या दुकानातून एक पिचकारी आणली, स्टँडवरच्या पाण्याने भरली आणि त्याच्या हातात दिली. त्याने हळू दाबली, जोरात दाबली, पुन्हा हळू दाबली. मग विचारले, "मग चालू नळी आणि मेलेली नळी ओळखायची कशी?" खराब रस्त्यावरून आल्यावर चारही नळ्यांना जपून, बोट भाजणार नाही असा हात लाव, म्हणालो; जी थंड असेल ती काम करत नाही.

पुढच्या वर्षी त्याच्याच जीपने पुन्हा गेलो. मागे नव्या नळ्यांची जोडी होती. जव्हारला पोचल्यावर सवारी उतरत असतानाच तो खाली वाकला, एकेका चाकामागे हात घालून आला, आणि उजव्या बाजूची पुढची नळी थंड लागते म्हणाला.