तारेपासून वाय-फायपर्यंत : मुळशीच्या खोऱ्यातून फोनची गोष्ट

डोंगरातल्या गावांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. घरात मोबाइलला रेंज नाही, पण वाय-फाय आहे. मग त्या वाय-फायवरून साधा फोन लागेल का? लागतो. कसा लागतो ते आज सांगणारच आहोत. पण त्याआधी आपण थोडं मागे जाऊ. आपला आवाज दूरवर पोचवायला बाईमाणसाला इतकी वर्षं दुसऱ्याच्या दारात का उभं राहावं लागलं, हे समजलं की आजच्या सोयीची किंमतही समजते आणि तिच्यातली मेखही.

सुरुवात करू आपल्या मुळशीपासून. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मुळशीच्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण थांबलं नाही. गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. ते पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरवलं, त्यावर वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात मात्र रॉकेलची चिमणीच राहिली. तार डोक्यावरून जाते आणि घरात येत नाही, हा अनुभव मुळशीला शंभर वर्षांचा आहे. फोनच्या बाबतीतही बऱ्याच अंशी तेच घडलं.

भारतात टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली ती १८८२ च्या जानेवारीत, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांत. बेलने टेलिफोनचं पेटंट घेऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. म्हणजे फोन मुंबईत फार लवकर आला. तो सह्याद्री चढून वर यायला मात्र जवळजवळ शतक लागलं. तोवर खेड्यात निरोप यायचा तो पोस्टकार्डाने, नाहीतर तारेने. तार आली म्हटलं की वाचण्याआधीच घरात रडारड व्हायची, कारण बहुतेक वेळा ती वाईटच बातमी घेऊन यायची. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

मग ट्रंक कॉलचा काळ आला. कॉल आधी नोंदवायचा आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत वाट बघायची. लागला की साऱ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचं. गावात फोन असलाच तर पाटलांकडे, दुकानदाराकडे, नाहीतर पोस्टात. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे ‘पी. पी.’ लिहिलेलं आपल्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल. त्या नंबरवर फोन आला की पोरगं धावत निरोप द्यायला यायचं. लेकीशी बोलायचं ते शेजाऱ्याच्या ओट्यावर, चार माणसांच्या देखत. सासरी त्रास आहे का, हे तिथे विचारणार कसं? आणि ती तरी सांगणार कसं?

१९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली. परदेशी एक्स्चेंज महाग होती आणि थंड, कोरड्या हवेसाठी बनवलेली होती. सी-डॉटने आपल्याकडच्या उन्हात-धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालेल असं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. त्यातून खेड्यांची वाट मोकळी झाली. पाठोपाठ नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्या झळकल्या : एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. काचेची खोली, आत फोन, वर पळणारे आकडे. पहिल्यांदाच पैसे देऊन दार लावून बोलता येऊ लागलं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. एस.टी.डी.चे दर दिवसा जास्त असायचे आणि रात्री उशिरा पाव व्हायचे. म्हणजे बोलणं सर्वांत स्वस्त केव्हा, तर जेव्हा खेड्यातली बाई एकटी घराबाहेर पडू शकत नाही तेव्हा. दर सगळ्यांना सारखेच होते, पण सवलतीचा फायदा सारखा नव्हता. कुठलंही नवं साधन आलं की हे तपासायला हवं : सोय आहे हे खरं, पण ती आपल्याला वापरता येते का?

१९९५ हे वर्ष दोन अर्थांनी महत्त्वाचं. ३१ जुलैला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून दिल्लीला. आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी इस्रायलमधल्या व्होकलटेक नावाच्या कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. आपल्या आजच्या विषयाचं मूळ इथे आहे.

हे चालतं कसं, ते साध्या भाषेत सांगतो. जुन्या फोनमध्ये दोघांच्या बोलण्यासाठी एक वाट पूर्ण अडवून ठेवली जायची. तुम्ही गप्प बसलात तरी ती वाट तुमचीच, आणि मीटर चालूच. म्हणजे दोन माणसांसाठी अख्खी जीप भाड्याने घेतल्यासारखं. इंटरनेटचं काम एस.टी.सारखं आहे. आवाजाचे आकडे केले जातात. त्यांची बारीक बारीक पुडकी बांधली जातात, साधारण एका सेकंदाला पन्नास. प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. ही पुडकी इतर सगळ्यांच्या पुडक्यांबरोबर त्याच वाटेने जातात आणि पलीकडे क्रमाने लावून त्यांचा पुन्हा आवाज होतो. वाट वाटून घेतल्यामुळे खर्च कमी. पुडकी उशिरा पोचली की आवाज तुटतो, एखादा शब्द गिळला जातो. ‘आवाज कट होतोय’ म्हणतो ना आपण, ते हेच.

स्वस्त असूनही हे आपल्याकडे लगेच का आलं नाही? कारण परदेशी कॉलचा मक्ता विदेश संचार निगमकडे होता आणि त्या कॉलवर मोठी कमाई होती. लोक इंटरनेटवरून बोलू लागले असते तर ती बुडाली असती. तो मक्ता संपला आणि १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, तीही अर्धी. संगणकावरून संगणकावर चालेल, संगणकावरून परदेशातल्या फोनवर चालेल, पण भारतातल्या साध्या फोनवर नाही. म्हणजे पुण्याची बाई अमेरिकेतल्या मुलाला कॉम्प्युटरवरून फोन लावू शकत होती, पण त्याच पद्धतीने मुळशीतल्या बहिणीला नाही.

त्याच सुमारास वाय-फायचे हँडसेट आले. २००३ मध्ये सिस्को कंपनीने असा फोन आणला, मुख्यतः कंपन्या आणि मोठ्या कचेऱ्यांसाठी. पुढे दोन-तीन वर्षांत घरगुती वापराचे आले. दिसायला साधा मोबाइल, पण आत सिमकार्ड नाही. घरातल्या राउटरची लहर पकडायची, खात्याचं नाव आणि पासवर्ड टाकायचा, की फोन चालू. नंबर फोनमध्ये नसतो, खात्यात असतो. त्यामुळे तोच हँडसेट पुण्यात लावा नाहीतर लंडनमध्ये, नंबर तोच. अडचण एकच : राउटरपासून दूर गेलं, मध्ये दोन-तीन भिंती आल्या, की आवाज गेला. पुढे स्मार्टफोन आले आणि हे सगळं त्यांच्यात सामावलं. २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू झालं. तेव्हापासून आपल्यातल्या बहुतेकजणी नाव माहीत नसताना इंटरनेट फोनच वापरत आहेत.

आता लवासाकडे या. मोसे नदीचं खोरं, वरसगाव धरणाचं पाणी, चहूबाजूंनी डोंगर. २००१ मध्ये राज्य सरकारने इथली १८ गावं गिरिस्थान म्हणून जाहीर केली आणि दासव्यापासून नवं शहर उभं राहू लागलं. घरोघरी वेगवान इंटरनेट, सगळा कारभार संगणकावर, असं ते चित्र होतं. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली. आदिवासींच्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनींवरून वाद झाले. २०१८ मध्ये कंपनीची दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. शहर अर्धवट राहिलं. मुळशी धरणावेळी वीज गावावरून पुढे गेली, इथे शहराचं स्वप्न गावात येऊन थबकलं. दोन्ही वेळा गावाला विचारलं किती, हा प्रश्न उरतोच.

डोंगराळ मुलखात मोबाइलची अडचण वेगळी आहे. टॉवरची लहर डोंगर ओलांडत नाही. टॉवर एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असलं की रेंज गेली. वायर मात्र डोंगराला वळसा घालून येते. म्हणून जिथे केबलचं इंटरनेट पोचलं आहे तिथे वाय-फायवरचा फोन खरा उपयोगी पडतो.

२०१८ मध्ये सरकारने नियम बदलले आणि इंटरनेटवरून भारतातल्या कुठल्याही फोनवर बोलण्याची वाट मोकळी झाली. त्या जुलैत बी.एस.एन.एल.ने ‘विंग्ज’ नावाची सेवा आणली. सिम नको, टॉवर नको, वाय-फाय असलं की दहा आकडी नंबरावरून कुठेही फोन. तेव्हा तिचं वर्षाचं शुल्क १,०९९ रुपये अधिक कर असं होतं. २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलने आणि २०२० च्या जानेवारीत जिओने ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू केलं. यात आपलंच सिम, आपलाच नंबर राहतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ हे बटण चालू करायचं. समोरच्याकडे साधा बटणाचा फोन असला तरी चालतो. बँकेचा किंवा दवाखान्याचा नंबरही लागतो.

आता चार गोष्टी गाठीला बांधा.

एक, वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. जुन्या काळ्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, म्हणून तो अंधारातही वाजायचा. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं. २०२४ च्या जुलैत लवासात दरड बंगल्यांवर कोसळली होती. अशा वेळी वीज आणि वायर दोन्ही जाऊ शकतात. म्हणून गावात रेंज कुठल्या टेकाडावर मिळते, हे प्रत्येकीला माहीत हवं.

दोन, व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ लागत नाही. संकटात साधा डायल उघडून ११२ लावायचा.

तीन, घरचं माणूस दुबईत किंवा अबूधाबीत असेल तर व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही. तिथल्या सरकारने मान्यता दिलेल्या अ‍ॅपवरूनच बोलता येतं. कॉल लागला नाही म्हणून मनात शंका आणू नका.

चार, इंटरनेटवरून फोन करणारा खोटा नंबर दाखवू शकतो. ‘पोलीस बोलतोय, व्हिडिओसमोरून हलू नका’ असं कुणी म्हटलं तर फोन बंद करा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. उरलेल्या आजही शेजारच्या ओट्यावरच आहेत म्हणा ना, फक्त ओटा आता नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात आला आहे. वाय-फाय घरात आलं, पण पासवर्ड एकाच्याच डोक्यात राहिला, तर फोन आपला झाला असं म्हणता येणार नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. तेव्हा पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपल्या पंचायतीत फायबर आलं आहे का आणि ते चालू आहे का, हे ग्रामसेवकांना विचारा. चालू नसेल तर येत्या ग्रामसभेत तो विषय लेखी द्या. आणि गटातल्या प्रत्येकीच्या फोनवर ते वाय-फाय कॉलिंगचं बटण सापडतं का, ते एकमेकींच्या मदतीने पाहा. ज्या फोनमध्ये सापडेल, त्यावरून पहिला फोन माहेरी लावा.