धाड पडायच्या आधी

मे २०२० मधली रात्र. काटोल तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेच्या बांधावर तुम्ही उभे आहात. तोंडाला मास्क आहे, तरी क्लोरपायरीफॉसचा वास नाकात शिरतोच. समोर अग्निशमन दलाचा बंब. आग कुठेच नाही. नळीतून झाडांवर औषध उडतंय. दुपारभर गावाने थाळ्या बडवल्या, मार्चमध्ये डॉक्टर-नर्सांसाठी वाजवल्या होत्या त्याच. कुणी ढोल काढला, कुणी फटाके लावले. टोळ उठले आणि शेजारच्या शिवारात जाऊन बसले. मग शेजारच्यांनी थाळ्या काढल्या.

फांदीवरचा एक टोळ उचला. रात्रीच्या गारव्यात तो सहसा उडत नाही. टॉर्चच्या उजेडात अंग गुलाबी दिसतंय, म्हणजे पंख फुटलेत पण अंडी घालायचं वय अजून झालेलं नाही. पिवळा पडला की समजायचं, आता ओली जमीन शोधेल. मागच्या पायांवर काट्यांच्या दोन रांगा आहेत, त्या बोटाला टोचतात. वजन जेमतेम दोन ग्रॅम, आणि रोजचं खाणंही साधारण तेवढंच. मात्र चौरस किलोमीटरभर पसरलेल्या थव्यात असे चार ते आठ कोटी असू शकतात. गुणाकार तुम्हीच करा.

बंबावरच्या माणसांना नावं ठेवू नका. सकाळी ऊन लागून अंग तापलं की थवा उठणार, त्याआधी जेवढे पडतील तेवढे पाडायचे. निंबोळी अर्काचा सल्लाही दिला गेलाय आणि तो चुकीचा नाही. पण अर्काने टोळाची भूक मंदावते, मरण रेंगाळतं, आणि रेंगाळायला इथे वेळ कुणाकडे आहे? पहाटेला झाडाखाली खच पडेल. त्यात मधमाश्याही असतील.

सौम्य उपाय हवा असेल, तर या रात्री तो मिळणार नाही. मागे चला.

पहिला मुक्काम जवळचाच. त्याच वर्षीचा फेब्रुवारी, पाकिस्तानी पंजाबातला ओकारा जिल्हा. इथेही रात्र आहे, पण बंब नाही. पोती घेऊन निघालेले गावकरी आहेत. झाडांवर सुस्त बसलेले टोळ ओंजळीने पोत्यात भरायचे, किलोमागे वीस रुपये घ्यायचे, माल कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात. प्रथिनं भरपूर. अट एकच, आधी फवारणी झालेली नको. कल्पना झकास आहे, पण पोत्यांनी थवा संपत नाही. इथे फार वेळ काढायला नको.

त्याच वर्षी सोमालियात मात्र थांबा. जमीन तांबूस, झुडपं खुरटी, शेळ्या आणि उंट. पायाखाली काळीपिवळी पिल्लं चाललीत. पंख नाहीत, म्हणून उड्या मारत, सगळी एकाच दिशेने. त्यांच्यावर फवारलंय ते रसायन नाही, मेटारायझियम नावाच्या बुरशीचे बीजाणू आहेत. तेलात कालवलेले, हेक्टरी साधारण पन्नास ग्रॅम. सोमालियाने ठरवून हा रस्ता धरला. जिथे माणसाचं सगळं धन चार पायांवर चरत फिरतं, तिथे गवतावर विष मारायचं कसं?

फवारणी झाली. तुम्ही बघत राहता आणि काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बीजाणू कातडीवर रुजतो, कातडी भेदून आत शिरतो, आणि या कामाला त्याचा वेळ लागतो. चार-पाच दिवसांनी पिल्लं मंदावतात, खाणं कमी करतात. एक वाकून बघा: अंग आडवं करून उन्हात बसलंय. ताप चढवून घेतंय. अंग पुरेसं तापलं की बुरशीची वाढ थबकते, आणि हे त्या किड्याला कुणीही न शिकवता कळतं. बहुतेकांची धडपड शेवटी वाया जाते. एक ते तीन आठवड्यांत ती मरतात, मेलेलं शरीर तांबूस होतं. पक्षी येऊन ती टिपतात आणि त्यांना काही होत नाही. शेळ्या त्याच गवतात चरतायत.

हीच बुरशी काटोलला फवारली असती तर? मरायला आलेला टोळ तोवर शेकडो किलोमीटर लांब गेला असता. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर तो वाऱ्याबरोबर सहज कापतो.

आणखी मागे. १९८० च्या दशकाची अखेर, नायजरमधलं नियामे. १९८६ ते १९८९ ची मोठी धाड आफ्रिकेवरून फिरून गेली आहे. त्याआधी कित्येक वर्षं वाळवंटात डिल्ड्रिन या कीटकनाशकाचे पट्टे मारले जात. ते पुढे बरेच दिवस विषारी राहत, पिल्लं त्यावरून गेली की मरत. सोय म्हणून बिनतोड, फक्त ते मातीतून, चरबीतून, दुधातून जातच नाही. त्यावर बंदी आली आणि हाताशी दुसरं काही उरलं नाही. अशा वेळी बुरशीने मरून पडलेल्या एका नाकतोड्याकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. १९८९ मध्ये ‘लुबिलोसा’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि नायजरच्या नाकतोड्यातला वाण त्याच्या कामी आला. अडचण अशी की बुरशीला ओल लागते आणि टोळ राहतो कोरड्यात. पाण्याऐवजी तेल वापरलं, तर कोरड्या हवेतही बीजाणू रुजतात, हा या सगळ्या खटपटीचा कळीचा शोध.

बुरशीच्याही आधी जाऊ. १८८० चं दशक, सायप्रस बेट. माळावर कापडाची लांबच लांब भिंत उभी आहे, गुडघ्याच्या थोडी वर. वरच्या कडेला गुळगुळीत मेणकापडाची पट्टी शिवलीय. पिल्लांची फौज येते, कापडावर चढते, पट्टीपाशी पाय सुटतात, खाली. पुन्हा चढते, पुन्हा खाली. मग भिंतीच्या कडेकडेने चालू लागते आणि वाटेत खणलेल्या खड्ड्यात कोसळते. खड्ड्याच्या काठाला जस्ताचा पत्रा, तोही निसरडा. खड्डा भरला की माती लोटायची, पुढचा खणायचा. विषाचा थेंब नाही. ही युक्ती मात्तेई नावाच्या इटालियन जमीनदाराची. नव्याने आलेल्या ब्रिटिश सरकारने ती बेटभर राबवली आणि काही वर्षांत उपद्रव आटोक्यात आला. मला या सगळ्या प्रवासात हीच जागा सर्वांत आवडते. शेकडो वर्षं नवस आणि मिरवणुका झाल्यावर कुणीतरी गुडघ्यावर बसून टोळाचा पाय कशावरून घसरतो ते पाहिलं.

पण इथेही अट तीच. पंख फुटायच्या आत गाठायचं.

म्हणून आता पुढे, २०१८ मध्ये या. अरबस्तानातलं रुब अल खाली, टेकाडांमागे टेकाडं वाळूची. मे महिन्यात ‘मेकुनु’ चक्रीवादळ येऊन गेलंय आणि टेकाडांच्या मधोमध चक्क तळी साचलीत. ऑक्टोबरमध्ये ‘लुबान’ येणार आहे. ओल्या वाळूत वीतभर खणा. फेसाच्या बुचाखाली पिवळसर अंड्यांचा झुबका लागेल, भाताच्या लोंबीसारखा दाटीने लागलेला. हीच काटोलची सुरुवात.

या घटकेला टोळ अजून एकांडा आहे, भिडस्त, वाळूच्या रंगाचा. हिरवळ आटू लागेल तसे सगळे उरल्यासुरल्या झुडपांवर जमतील, मागच्या पायांना एकमेकांचे धक्के लागतील. दोनेक तासांच्या अशा घसटीने त्याच्या शरीरात सेरोटोनिन वाढतं आणि तो कळपाचा होतो, हे २००९ मध्ये सिद्ध झालंय. आत्ता, या तळ्याकाठी, थोडी माणसं, गाड्या आणि बुरशीची पिंपं एवढ्यावर बरंच काही भागलं असतं. पण आसपास बघा, चिटपाखरू नाही. रस्ता नाही, पाहणी पथक नाही. पलीकडे येमेनमध्ये युद्ध. मार्च २०१९ पर्यंत तीन पिढ्या होतील आणि संख्या सुमारे आठ हजार पटींनी वाढेल.

आणि टोळ दिसत नसलेल्या वर्षी टोळासाठी पैसे मागायला गेलेल्या माणसाकडे कोणताही अर्थखात्यातला बाबू कसा बघतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. भारतात टोळ इशारा संघटना १९३९ पासून आहे. तिने शांत वर्षांतही राजस्थानच्या वाळूत माणसं फिरती ठेवलीत, ही आपली पुण्याई. पण सरहद्दीपलीकडच्या अंड्यांवर तिचा हात पोचत नाही.

त्याच २०१८ च्या उन्हाळ्यात चीनच्या शिनजियांगमध्ये नीलका परगण्यात जा. रस्त्याचं काम बंद पडलंय. दगडांच्या ढिगात भोरड्यांनी घरटी केलीत, पिल्लं उडेपर्यंत यंत्रं थांबवलीत. गुलाबी अंग, काळं डोकं. कुरणांतल्या टोळांवर हा पक्षी तुटून पडतो, म्हणून १९८० च्या दशकापासून इथे त्याच्यासाठी मुद्दाम दगडांची घरं रचतात. बदकं आणि कोंबड्याही सोडल्या जातात. २०२० मध्ये अशीच बदकं पाकिस्तानात पाठवायची बातमी पसरली, तेव्हा चिनी तज्ज्ञानेच कान टोचले: बदकाला पाणी लागतं, वाळवंटात ते काय करणार!

भोरड्यांच्या मागोमाग निघा. हिवाळ्यात त्या सोलापूरच्या ज्वारीवर उतरतात. कणसं हुरड्यात आलीत, माळ्यावर एक शेतकरी गोफण घेऊन उभा आहे आणि संध्याकाळच्या थव्याला शिव्या घालतोय. तुम्ही त्याला शिनजियांगची हकीकत सांगता. तिकडे या पाखरांसाठी घरं बांधतात, रस्ते थांबवतात.

तो गोफणीत खडा भरतो. “मग बारा महिने तिकडंच ठेवा की म्हणावं. उन्हाळ्यात त्यांचं काम करायचं आन् हिवाळ्यात जेवायला माझ्या रानात, हे कुठलं?”

खडा सुटतो. थवा उठतो आणि शेजारच्या शिवारात जाऊन बसतो.