विंचवाचं विष काळजापर्यंत जातं



देवगाव फाट्याच्या शिवारात ढेकळं, दगड, तुराट्यांचा ढीग हलवताना विंचू निघतो, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याला धास्ती वाटते मोठ्या काळ्या इंगळीची. पण जिवावर बेततो तो लहान, तांबडा विंचू.

त्याच्या विषाने रक्तवाहिन्या एकदम आवळतात, रक्तदाब चढतो. हृदयावर ताण येऊन ते थकतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. मग धाप लागते, खोकल्यातून तांबूस फेस येतो. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटनच्या वैद्यकीय मासिकात याविषयी लिहिलं होतं. पण खात्रीचा इलाज हाती नव्हता.

तो सापडला कोकणात; शोधणारा मात्र आपल्या मराठवाड्याचा. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शेतकऱ्याचे पुत्र. १९७६ साली ते महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी एकेक लक्षण टिपलं. ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय ही पुढच्या धोक्याची सूचना, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' मासिकात मांडलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची 'प्राझोसिन' गोळी इथे गुणकारी ठरते, हे १९८६ साली त्याच मासिकात आलं. त्या भागात गंभीर रोग्यांपैकी पूर्वी शेकडा ४० पर्यंत दगावत. पुढे हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आलं. २०११ साली त्यांनी दाखवलं की, गोळीबरोबर विंचवाची प्रतिविष लस दिली तर रोगी आणखी लवकर बरा होतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

यातून आपण काय घ्यायचं? कळा कमी आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. घाम, ओकारी, गार हातपाय यांपैकी काहीही दिसलं, किंवा लहान लेकराला विंचू चावला, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा. चावा कापू नका, घट्ट बांधू नका. गोळी मनाने देऊ नका. किती द्यायची, हे डॉक्टरच ठरवतील. आणि जोडा घालताना आधी झटकून घ्या.